दावा हा हक्क आहे, अनुग्रह नव्हे

(सीबीडी बेलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'विमा व्यवसायातील ग्राहक-संरक्षण आणि ग्राहकांचे समाधान' या विषयावर मी बोलावे, अशी सूचना आपल्याकडून आली तेव्हा विषयाच्या उत्तरार्धापाशी माझे मन अडखळले. संरक्षण आणि समाधान हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. विमा कंपन्यांच्या अहवालांतही ते जोडीनेच नांदतात. वस्तुतः विम्याच्या बाबतीत या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे आणि नेमक्या त्या अंतरातच सामान्य माणसाची फसगत होते.

यासाठी मी प्रथम माझीच फजिती सांगतो. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम ठेव म्हणून ठेवावी, या हेतूने मी एका बँकेत गेलो. तेथील तरुण कर्मचाऱ्याने अदबीने खुर्ची दिली, चहा मागवला आणि "सर, ही ठेवच समजा, परतावा मात्र अधिक" असे सांगून चार ठिकाणी सह्या घेतल्या. पुढे टपालाने जाडजूड दस्तऐवज आला. तो मी न वाचताच कपाटात ठेवला. काही दिवसांनी उघडून पाहिला तेव्हा कळले, की आपण ठेव ठेवलेलीच नाही. दहा वर्षे हप्ते भरण्याचे वचन देऊन विमा उतरवला आहे. दस्तऐवज हाती आल्यापासून १५ दिवसांत तो परत करण्याची सवलत तेव्हा होती. तीन दिवस शिल्लक होते, म्हणून मी वाचलो. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही कथा! पण खरी गंमत पुढेच आहे. सह्या केल्या त्याच संध्याकाळी मला दूरध्वनी आला होता : 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच यांपैकी एक आकडा सांगा.' मी पाच सांगितला होता.

म्हणजे त्या कंपनीच्या दप्तरी मी एक पूर्ण समाधानी ग्राहक होतो. समाधान विक्रीच्या दिवशी मोजले जाते. संरक्षणाची परीक्षा मात्र अपघात, आजार किंवा मृत्यू घरात येतो त्या दिवशी होते. त्या दिवशी विमेदार पुष्कळदा हयातही नसतो; दारात उभी असते ती त्याची विधवा, आणि तिला आकडा विचारण्यास कोणी दूरध्वनी करीत नाही.

विमा ही इतर मालासारखी वस्तू का नाही, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपण धान्य घेतो तेव्हा पैसे देतो आणि धान्य घरी आणतो. खडे निघाले तर त्याच दिवशी कळते. विम्यात पैसे आज द्यावयाचे आणि माल मिळणार कदाचित वीस वर्षांनी. जो माल आपण घेतो तो एक शब्द असतो, एक वचन असते. त्या वचनाचा मजकूर एका पक्षाने लिहिलेला असतो आणि दुसऱ्याने केवळ सही केलेली असते. अशा व्यवहारात बाजारातील स्पर्धा आपोआप ग्राहकाचे रक्षण करील, ही अपेक्षाच फोल आहे. खराब धान्य विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा जात नाही. मरण पावलेला विमेदार दुकान बदलणार कसा?

या व्यवसायाचे मूळ पाहिले तर ते विक्रीत नसून परस्पर साहाय्यात आहे. १८७०-७१ मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' ही आयुर्विमा संस्था निघाली. परकीय कंपन्या हिंदी माणसाला एकतर विमा नाकारीत किंवा त्याच्याकडून जादा हप्ता घेत; या संस्थेने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला. 'म्युच्युअल' या शब्दाचा अर्थच असा, की विमेदार हाच संस्थेचा सभासद. अनेकांनी थोडे थोडे टाकून एक निधी उभारावयाचा आणि ज्याच्यावर आघात होईल त्याला त्यातून द्यावयाचे. त्या निधीवर मागणारा याचक नसतो. तो आपल्याच पैशावर हक्क सांगत असतो. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

हा निधी खाजगी हाती गेला की काय होते, याचा अनुभव देशाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात घेतला. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. चिंतामणराव आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. ते काही समाजवादी नव्हते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले ते एक काटेकोर प्रशासक होते. तरीही त्यांना हे पाऊल उचलावे लागले, कारण मागील दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या होत्या आणि आणखी २५ कंपन्यांनी आपली मत्ता इतकी उधळली होती, की त्यांचा व्यवसाय इतरांकडे सोपवावा लागला. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ संस्थांचे मिळून आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. पुढे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्यांचे चार सरकारी कंपन्यांत विलीनीकरण झाले.

राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे सारे काही आलबेल झाले, असे मानण्याची चूक आपण करू नये. महामंडळ स्थापन होऊन दोन वर्षे होण्याच्या आतच मुंदडा प्रकरण उद्भवले. महामंडळाचा, म्हणजे विमेदारांचा, सव्वा कोटीच्या आसपास पैसा एका उद्योगपतीच्या डळमळीत कंपन्यांत गुंतवला गेला. परंतु त्यानंतर काय घडले तेही लक्षात ठेवावे. फिरोझ गांधींनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सार्वजनिक मालकीचा खरा लाभ हा, की चोरी झाली तर जाब विचारण्यास लोकांना एक जागा असते. जागा असली तरी विचारणारे लागतातच.

दुसरा दोष अधिक खोल होता. महामंडळाची अल्प हप्त्याची एक मुदती विमा योजना केवळ सरकारी, निमसरकारी आणि नामांकित व्यापारी संस्थांतील पगारदारांसाठीच होती. शेतमजूर, हातगाडीवाला, मोलकरीण यांना ती बंद होती. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने हे प्रकरण न्यायालयात नेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्दबातल ठरवणारा निर्णय कायम केला. विम्याच्या अटी न्याय्य आणि वाजवी असल्या पाहिजेत आणि विम्याचे दार सर्वसामान्य माणसाला खुले असले पाहिजे, हे तत्त्व घटनेच्या आधारे मान्य केले. ग्राहक चळवळीने मिळवलेल्या विजयांत या निर्णयाचे स्थान मी फार वरचे मानतो.

त्यानंतर काळ पालटला. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना दार उघडले. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती. ती २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती शंभर टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली. स्पर्धेमुळे सेवा सुधारेल, हे त्यामागचे समर्थन. काही बाबतींत सेवा जलद झाली, हे मी नाकारीत नाही. पण जलद काय झाले? विक्री जलद झाली. दाव्याच्या दिवसाचे चित्र पाहावयाचे तर आरोग्य विम्याचे प्राधिकरणानेच प्रसिद्ध केलेले आकडे घ्या. २०२३-२४ मध्ये सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांच्या दाव्यांपैकी ८३,४९३ कोटी रुपये दिले गेले. सुमारे १०,९३७ कोटींचे दावे फेटाळले गेले आणि आणखी सुमारे १५,१०० कोटींची रक्कम अटींवर बोट ठेवून नामंजूर झाली. यांतील काही दावे खोटेही असतील. तरीही शंभर रुपयांच्या मागणीमागे जेमतेम एकाहत्तर रुपये हाती पडतात, ही गोष्ट समाधानाच्या कोणत्या तक्त्यात बसवावयाची?

आता मी आपल्या राज्यातल्या एका प्रकरणाकडे वळतो. ग्राहक-संरक्षणाचा प्रश्न जितका स्पष्टपणे येथे दिसतो तितका शहरी विम्यात दिसत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शेतकऱ्यांसाठी अपघात विमा योजना सुरू केली. हप्ता शासनाने भरावयाचा आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला विमा कंपनीने एक लाख रुपये द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे २०१५-१६ पासून ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि रक्कम दोन लाख झाली. रस्त्यावरील अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, वीज कोसळणे, विहिरीत पडणे हे शेतकऱ्याच्या आयुष्यातले नित्याचे धोके तिच्यात समाविष्ट होते. योजना स्तुत्य होती, यात शंका नाही.

पण ती चालली कशी? शेतकऱ्याने पॉलिसी कधी पाहिलेली नसे. अनेकांना आपला विमा उतरलेला आहे हेच ठाऊक नसे. घरचा कर्ता गेल्यावर पंधरा दिवसांनी कोणी शहाणा माणूस सांगे, तेव्हा धावपळ सुरू होई. सात-बारा, सहा-क ची वारस नोंद, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वयाचा दाखला. तालुका कृषी अधिकाऱ्याकडून कागद सल्लागार कंपनीकडे, तेथून विमा कंपनीकडे आणि त्रुटी काढून पुन्हा खाली. ग्राहक मंचांची निकालपत्रे वाचली तर दावे नाकारण्याची तीच ती कारणे भेटतात : मोटारसायकल चालवण्याचा परवाना जोडलेला नाही; सर्पदंशाच्या प्रकरणात व्हिसेराचा अहवाल नाही; सात-बारावरील नोंद विमा सुरू झाल्यानंतरची आहे; अर्ज मुदतीनंतर आला. नवरा साप चावून गेला, त्याचा दहनविधी झाला आणि रासायनिक पृथक्करणाचा अहवाल आणण्याची जबाबदारी त्याच्या निरक्षर पत्नीवर! अनेक मंचांनी अशी कारणे अमान्य करून व्याजासह रक्कम देवविली. आपण जमलो आहोत तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोकण भवनात अतिरिक्त ठाणे जिल्हा ग्राहक मंच बसत असे. अशा मंचांनी सामान्य माणसाला दिलेला आधार आपण विसरू नये. पण मंचापर्यंत पोहोचली ती किती? ज्यांनी पहिल्या नकारावरच आशा सोडली त्यांची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

योजनेत आणखी एक अन्याय दडलेला होता. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे सात-बारा तो. शेतात नवऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, राबणारी स्त्री या व्याख्येत बसत नव्हती, कारण उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते. २०१९ मध्ये खातेदाराबरोबर कुटुंबातील आणखी एका व्यक्तीचा समावेश झाला, तेव्हा कोठे १ कोटी ५२ लाख खातेदारांची योजना दुप्पट माणसांपर्यंत गेली. तोवरची चौदा वर्षे बांधावर साप चावून मेलेली बाई शासनाच्या लेखी शेतकरी नव्हती. आणि आपल्या पायाखालच्या भूमीचे काय? १९७० नंतर या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. ज्यांचे उतारे सिडकोच्या नावे झाले ते आगरी-कोळी कुटुंबप्रमुख २००५ मध्ये या योजनेच्या दाराशीही जाऊ शकत नव्हते. जमीन गेली त्याबरोबर 'शेतकरी' ही ओळखही गेली होती. आज त्याच जमिनीवरच्या कचेऱ्यांत बसणाऱ्यांना कंपनीचा आरोग्य विमा आहे; फाटकावरच्या कंत्राटी रखवालदाराला तो आहे का, हे आपण बाहेर पडताना विचारून पाहावे.

एप्रिल २०२३ मध्ये शासनाने या योजनेतून विमा कंपन्यांना वगळले. कंपन्या दावे वेळेत निकाली काढीत नाहीत, अनावश्यक त्रुटी काढतात, अशी कारणे शासनानेच दिली. आता शासन मृताच्या वारसाला दोन लाख रुपये स्वतः देते. तालुका पातळीवरील समिती अर्जावर निर्णय घेते. अठरा वर्षांच्या अनुभवानंतर शासनाने दिलेली ही कबुली आहे, की नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रत्येक दावा हा तोटाच असतो. आपल्यापैकी अनेकांनी या निर्णयाचे स्वागत केले; मीही केले.

तथापि योजनेचे नवे नाव एकदा लक्षपूर्वक वाचा. 'सानुग्रह अनुदान योजना'. अनुग्रह म्हणजे कृपा. विमा होता तेव्हा हप्ता भरलेला होता, करार होता, आणि कंपनीने नकार दिला तर वारस स्त्री लाभार्थी ग्राहक म्हणून मंचासमोर ताठ मानेने उभी राहू शकत होती. ग्राहक कायदा मोबदला देऊन घेतलेल्या सेवेवर उभा आहे. कृपेला मोबदला नसतो. उद्या तालुक्याच्या समितीने अर्ज नाकारला, किंवा तिजोरीत पैसे नाहीत म्हणून वर्षभर रखडवला, तर या बाईने कोणत्या कायद्याने दाद मागावी? उच्च न्यायालयाची पायरी तिच्या आवाक्यात नाही. म्हणजे नफेखोराच्या हातून सुटून ती कारकुनाच्या मर्जीवर आली. कंपन्या गेल्या हे योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर हक्कही गेला असेल तर आपण अर्धीच लढाई जिंकलो आहोत. सामाजिक विम्याची समाजवादी कल्पना कृपेची नाही. ती कायद्याने बांधलेल्या हक्काची आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली : हे अनुदान कायद्याने हक्क ठरवावे, निर्णयाला मुदत, विलंबाला व्याज आणि नकारावर जिल्हा पातळीवरच स्वतंत्र अपील असावे. दुसरी : विम्याची भाषा. विमेदाराने मागितल्यास माहितीपत्रक स्थानिक भाषेत द्यावे, असा प्राधिकरणाचा नियम आता आहे. महाराष्ट्रात ते न मागताच मराठीत मिळाले पाहिजे. तिसरी : २०१९ च्या ग्राहक कायद्याने अनुचित कराराविरुद्ध दाद मागता येते, पण ती राज्य आयोगापुढे किंवा त्याच्यावर, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. तो मिळावा. चौथी : आयोगांतील रिक्त जागा. या जागा भरल्या जात नाहीत याची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. न्यायाधीशाविना मंच म्हणजे पाण्याविना पाणपोई.

मागण्या करीत असतानाच, जे अधिकार आज हाती आहेत ते तरी लोकांपर्यंत नेले पाहिजेत. पॉलिसी परत करण्याची मुदत आता ३० दिवसांची आहे. आयुर्विम्याला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने तो रद्द करता येत नाही. आरोग्य विम्यात आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि पाच वर्षे सलग विमा असल्यास, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, जुन्या आजाराचे निमित्त चालत नाही. कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी आणि कलमासह मागावे. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो वेळेत न पाळल्यास दिवसाला पाच हजार रुपयांचा भुर्दंड आहे. कित्येक वर्षे नवी मुंबईचा रहिवासी पुण्याच्या लोकपालाच्या कक्षेत होता. घाट चढून दाद मागावी लागे. आता ठाण्याला कार्यालय झाले आहे, हे येथील वस्त्यांत किती जणांना माहीत आहे? ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातच जाता येते, आणि भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क द्यावे लागत नाही.

ग्राहक चळवळ हे मध्यमवर्गाचे काम, असा एक समज आपल्या पक्षात पूर्वीपासून आहे. तो समज मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी १९७२ नंतर लाटणे हातात घेऊन रस्त्यावर खोडून काढला. रॉकेल आणि तेल यांच्या भावासाठी लढणाऱ्या त्या बायका ग्राहकच होत्या आणि त्यांचा लढा राजकीयच होता. आजच्या गरीब कुटुंबावर महागाईइतकाच मोठा घाला एका अपघाताने किंवा एका इस्पितळाच्या बिलाने पडतो. त्यामुळे नाकारलेला दावा हाही आपल्या राजकारणाचा विषय आहे.

शेवटी एक साधे काम सुचवतो. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. आपल्या विभागात गेल्या तीन वर्षांत ज्यांचा दावा नाकारला गेला किंवा रखडला, त्यांच्या घरी जाऊन नकाराची तारीख, दिलेले कारण आणि हाती असलेले कागद यांची नोंद करावी. ज्यांची मुदत उलटलेली नाही त्यांचे अर्ज आपण बसून लिहावेत. तीन महिन्यांनी त्या वह्या घेऊन आपण येथे पुन्हा बसू. तेव्हा आपल्या हाती समाधानाचे आकडे नसतील; पण कोणाचे किती येणे आहे, याचा चोख हिशेब असेल.